रग्बीसाठी स्क्रम कॅप कोणती घ्यावी? (मुलगी, वय १३)

मनीमाऊ_पुणे
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. शाळेत रग्बी सुरू झालं आणि बाईसाहेब त्यात पार बुडाल्यात. वाहबिज भरुचा पुण्याची आणि भारताची कर्णधार होती, हे कळल्यापासून तर विचारायलाच नको. आतापर्यंत टॅग रग्बी होतं, कमरेच्या पट्ट्या ओढायचं, त्यामुळे मी निवांत होते. या सत्रापासून टॅकल सुरू, म्हणजे पळणारीला धरून खाली पाडायचं. परवा सरावात दोन मुलींची डोकी एकमेकींवर आपटली. आमची त्यात नव्हती, पण तो आवाज मैदानाबाहेर माझ्यापर्यंत आला. सासूबाईंचा निकाल झालाय: हेल्मेट घाल, नाहीतर बॅडमिंटन खेळ.

रग्बीत कडक हेल्मेट चालत नाही एवढं समजलं. ऑनलाइन मऊ स्क्रम कॅप दिसतात. काहींच्या जाहिरातीत 'कन्कशनपासून (म्हणजे मेंदूला बसणाऱ्या धक्क्यापासून) संरक्षण' असंही लिहिलंय. कोणती घ्यावी? महाग असली तरी चालेल, डोक्याचा प्रश्न आहे.

कांदेपोहे
बॉक्सिंगचं हेडगार्ड घ्या की. भाच्याचं आहे, चांगलं जाडजूड असतं.

सिडनीकर_बाबा
@कांदेपोहे, रेफरी ते घालून मैदानात पाऊलही ठेवू देणार नाही. वर्ल्ड रग्बी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात फोम जास्तीत जास्त १० मिमी जाड आणि मऊच हवा. टोपी घेताना आत वर्ल्ड रग्बीचा मान्यतेचा शिक्का आहे का, ते आधी बघायचं.

मनीमाऊताई, माझे दोन्ही मुलगे इथे क्लबात खेळतात आणि दोघांकडे स्क्रम कॅप आहे. कँटरबरी, गिल्बर्ट यातली कुठलीही मान्यताप्राप्त घ्या. पण ती कशासाठी, ते आधी सांगतो. कान फाटू नयेत, स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तेव्हा, घासून घासून कानाची फुलकोबी होऊ नये, डोक्याला खोक पडून टाके घालावे लागू नयेत, यासाठी. एवढं काम ती छान करते. कन्कशन हे तिचं काम नाही.

हे माझं मत नाही. इथे ऑस्ट्रेलियात सुमारे चार हजार कुमार खेळाडूंवर अभ्यास झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही संघांना नेहमीची टोपी, काहींना मुद्दाम जाड केलेली, काहींना काहीच नाही. कन्कशनच्या प्रमाणात फरक पडला नाही. जाड टोपीनेही नाही. त्यामुळे जाहिरातीतल्या त्या ओळीसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

अतरंगी
मग चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेक इतकी वर्षं काय शोभेला घालायचा?

डॉ_शिरीष
चेकची गोष्ट वेगळी. २००६ मध्ये त्याच्या कवटीचं हाड मोडलं होतं. त्या जागी पुन्हा मार बसू नये म्हणून ते होतं. हाडाचं संरक्षण आणि मेंदूचं संरक्षण यात आपण गल्लत करतो.

स्टीलच्या डब्यात दही आहे समजा. डब्याला बाहेरून कितीही टॉवेल गुंडाळा, डबा पोचणार नाही. पण झटक्यात फिरवलात तर आतलं दही हलायचं ते हलणारच. कन्कशनमध्ये मेंदूला इजा होते ती मुख्यतः डोकं अचानक थांबल्यामुळे आणि त्याहून जास्त, गर्रकन फिरल्यामुळे. त्यासाठी डोक्यालाच मार बसायला हवा असंही नाही, छातीवर जोरात टॅकल बसून मानेला हिसका बसला तरी पुरतं. एक सेंटिमीटर फोम तिथे काय करणार?

आणखी एक. बहुतेक कन्कशनमध्ये खेळाडू बेशुद्ध पडत नाही आणि सीटी स्कॅन नॉर्मल येतो. 'स्कॅन क्लिअर आहे, रविवारी खेळू दे' असं म्हणणारे पालक आणि प्रशिक्षक दोन्ही बघतो. स्कॅन रक्तस्राव आहे का ते बघायला असतो, कन्कशन नाही हे सिद्ध करायला नाही.

रिंगमास्तर_अकोला
बॉक्सिंगचा विषय निघाला म्हणून लिहितो, मुलांना शिकवतो. १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड सक्तीचं होतं. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुषांसाठी ते काढून टाकलं, रिओला पुरुष उघड्या डोक्याने लढले. महिला आणि ज्युनिअर मात्र घालतात. काढल्यावर भुवया फुटण्याचं प्रमाण वाढलं, म्हणजे हेडगार्ड कशाला अडवत होतं ते कळलं. काढल्याने मेंदू सुरक्षित झाला म्हणावं, तर त्यावर अजून वाद आहे.

माझ्या पोरांचं सांगतो. हेडगार्ड चढवलं की गार्ड खाली येतो, पोरगा डोकं पुढे घालून आत शिरतो. 'सर, घातलंय ना!' असं वर तोंड करून सांगतो. आपल्या मुलीला टोपी द्या, पण देताना तिच्या डोक्यात हे भरवू नका की आता काही होत नाही.

अतरंगी
अमेरिकन फुटबॉलवाले हेल्मेटवर गादीसारखं काहीतरी चढवतात, ते तरी चालतं का?

सिडनीकर_बाबा
गार्डियन कॅप. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगने २०२२ पासून सराव शिबिरात काही जागांच्या खेळाडूंना सक्तीची केली आणि कन्कशन निम्म्याने घटल्याचं सांगितलं. पण विस्कॉन्सिनमधल्या शाळकरी खेळाडूंच्या अभ्यासात फरक दिसला नाही. शिवाय ती कडक हेल्मेटवर चढवायची वस्तू, रग्बीत उपयोग शून्य.

ताई, पैसे आणि वेळ कुठे घालायचा ते सांगतो. टॅकलमध्ये. प्रशिक्षकांना विचारा, डोकं कुठे ठेवायला शिकवतात. मान खाली घालून डोक्याने धडक द्यायची नाही, नजर वर, पाठ सरळ. समोरची पळत असेल तर डोकं तिच्या मागच्या बाजूला, आपला गाल तिच्या कुल्ल्याला चिकटलेला. डोकं चुकून पुढच्या बाजूला गेलं की तिचा गुडघा नाहीतर कंबर थेट कानशिलावर. आमच्याकडे लहान मुलांना हे आधी गुडघ्यावर बसवून शिकवतात, मग चालत, मग पळत. तिथे थेट पळत टॅकल सुरू केलं असेल, तर मी टोपीआधी त्यावर बोलेन.

टॅकलची उंचीही विचारा. फ्रान्सने २०१९ मध्ये हौशी रग्बीत टॅकल कमरेपर्यंत खाली आणला, इंग्लंडने २०२३ मध्ये छातीच्या हाडाच्या खाली. दोन डोकी एका उंचीवर आली नाहीत तर आपटणार कशी?

कोपरारक्षक
अवांतर, पण आमच्या कबड्डीकडे कोणी बघत नाही. कोपऱ्यातला खेळाडू घोटा धरायला झेपावतो तेव्हा चढाईवाल्याचा गुडघा कपाळात बसतो. साखळीत दोघे एकाच वेळी आत आले की आपल्याच माणसाचं डोकं. तोंडावर पाणी मारायचं, 'उठ रे वाघा' म्हणायचं, पुढची चढाई. टोपी वगैरे दूरच, गावच्या स्पर्धेत त्याला बाहेर बसवायचं कोणाच्या मनातही येत नाही.

डॉ_शिरीष
@कोपरारक्षक, अवांतर नाही, मुद्दा हाच आहे. शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. मैदानावर विचारायचे प्रश्न सोपे आहेत: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचे गुण कोणी घेतले? मागचा सामना कोणाशी झाला, जिंकलो का? अडखळली किंवा नुसती भांबावलेली दिसली तरी बाहेर. सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून आत सोडायचं, असं मात्र नाही.

पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, मानेत दुखणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, न उठवता येणारी झोप: यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. नाहीतर पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग हलकं चालणं. आधी शाळा नीट जमू द्या, मग खेळ. पहिली इजा भरण्याआधी दुसरा मार बसला तर लहान वयात तो जिवावर बेतू शकतो, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

सिडनीकर_बाबा
इथे २०२४ पासूनची सूचना अशी: कन्कशननंतर सलग १४ दिवस कसलाही त्रास नसेल तरच धडकेचा सराव, आणि सामना २१ दिवसांच्या आत नाही. मुलं तोंड वाकडं करतात. करू देत.

मनीमाऊ_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. टोपी साधीच घेते, कानांसाठी. सोमवारी कोचना गाठून गुडघ्यावरचा टॅकल आणि 'बाहेर कोण बसवणार' हे दोन्ही विचारते. सामन्याला त्या स्वतः शिट्टी वाजवतात, त्यामुळे बाजूला बघणारं दुसरं कोणीतरी लागेल. आम्हा आयांपैकी एकीला ते काम देता येईल बहुतेक.

मापाबद्दल कोणी सांगेल का? तिची वेणी जाड आहे. आणि माउथगार्डचं काय? तिला ब्रेसेस आहेत.

सिडनीकर_बाबा
खेळताना जशी वेणी घालते तशीच घालून माप बघा, खाली मानेवर बांधलेली बरी. टोपीची कड भुवयांच्या वर हवी, भोकं बरोबर कानांवर, आणि पट्टा बांधून डोकं जोरात हलवलं तर ती डोळ्यांवर येता कामा नये. थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. पुण्याच्या उन्हाळ्यात तिचा वास हा वेगळा धागा होईल.

दातकोरडे
दंतवैद्य आहे. माउथगार्ड हवंच. दातांसाठी तर नक्कीच, आणि आइस हॉकीत ते वापरणाऱ्यांमध्ये कन्कशन २८ टक्क्यांनी कमी आढळलंय. ब्रेसेस असताना गरम पाण्यात मऊ करून चावायचं साधं गार्ड घेऊ नका, तारांत अडकतं आणि दात सरकले की बसत नाही. तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टकडून तारांसाठी जागा सोडलेलं करून घ्या. दर भेटीला ते सोबत न्या, दात हलतील तसं बदलावं लागेल. आणि सरावालाही घालायला लावा, मुली फक्त सामन्याला घालतात.