मदत हवी आहे : धन विधेयकाला न्यायालयात आव्हान नेमकं कशावर टिकतं?

२०१६चा आधार कायदा धन विधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं विधेयक, ज्याला राज्यसभेची मंजुरी लागत नाही) म्हणून मंजूर झाला, त्यामुळे राज्यसभेच्या हाती फक्त शिफारशी उरल्या. राज्यसभेचे खासदार जयराम रमेश त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१८मध्ये ४-१ बहुमताने धन विधेयकाचा मार्ग ग्राह्य ठरला. न्या. चंद्रचूड यांनी मात्र ही संविधानाशी फसवणूक म्हटली, आणि मला तेच पटतं. एक अख्खं सभागृह असं बाजूला सारणं किरकोळ कसं?

माझी अडचण अशी : संविधानाचं कलम ११०(३) एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही याबाबत लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम मानतं, कलम १२२ संसदेच्या कामकाजातल्या अनियमिततेवर न्यायालयात बोट ठेवू देत नाही. मग निव्वळ अनियमितता कुठे संपते आणि घटनाभंग कुठे सुरू होतो? २००७च्या राजा राम पाल निकालातली कसोटी (संसदेच्या कामकाजातली निव्वळ अनियमितता न्यायालय तपासत नाही, पण गंभीर बेकायदेशीरपणा किंवा घटनाभंग तपासू शकतं) इथे कशी लावायची, हे कुणी वकील किंवा अभ्यासक सोप्या मराठीत समजावेल का?