छाती दडपून जाईल असा गेम सुचवा (सेल उद्या रात्री संपतोय!)

भरती_ओहोटी
मंडळी, पटकन मदत हवी आहे. ग्राफिक्स भारी, रेटिंग भारी असले गेम पुष्कळ खेळून झाले. आता असा हवाय की खेळता खेळता हात थांबला पाहिजे आणि 'बाप रे' म्हणून नुसतं बघत बसावं. २०१८ चा गॉड ऑफ वॉर मित्राकडे थोडा खेळलोय. तळ्यातून तो अजस्र साप डोकं वर काढतो आणि बोलायला लागतो, तेव्हा जे वाटलं ते हवंय. टॉप टेनच्या याद्या कृपया चिकटवू नका, त्या मीही वाचल्यात.

रात्रपाळी
एल्डन रिंग. धागा बंद करा.
बरं, थोडं सांगतो. सुरुवातीच्याच भागात मिस्टवूड नावाचं जंगल आहे, तिथे एका पडक्या इमारतीत लिफ्ट आहे. उभे राहा. ती खाली जात राहते, जातच राहते. आपल्याला वाटतं, आता एखादी गुहा येणार. आणि समोर उघडतं चांदण्यांनी भरलेलं आभाळ. जमिनीच्या खाली! त्याआधी गेमने एका शब्दाने कल्पना दिलेली नसते. मी रात्री दोन वाजता बायकोला उठवून दाखवलं. तिने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

ताकभात
पीसी की कन्सोल? बजेट किती? आधी काय काय खेळलात? याशिवाय सांगणाऱ्यांनी काय कुंडली मांडायची का?

कुलुपकिल्ली
एल्डन रिंग चांगलाच आहे, पण भव्यतेचं म्हणाल तर शॅडो ऑफ द कोलोसस. २००५, प्लेस्टेशन २, दिग्दर्शक फुमितो उएदा. अख्ख्या गेममध्ये शत्रू फक्त १६, कोलोसस नावाचे अजस्र राक्षस. मधे किरकोळ राक्षस नाहीत, दुकानं नाहीत, गावं नाहीत. रिकामा मुलूख, एक घोडा, आणि तलवार उन्हात धरली की किरण जिकडे एकवटतील तिकडे जायचं. वाटेत संगीतसुद्धा जवळपास नसतं. मग तो कोलोसस दिसतो, ऑर्केस्ट्रा सुरू होतो, आणि तुम्ही त्याच्या अंगावरच्या केसांना लोंबकळत वर चढत असता. हाताची पकड सुटत चाललेली असते. तेराव्या कोलोससला तर वाळवंटात घोडा भरधाव सोडून, तो उडत असतानाच पकडायचं असतं. तो तुमच्यावर हल्लाही करत नाही. ते जास्त लागतं मनाला.

रात्रपाळी
रिकामा मुलूख म्हणजे भव्यता असेल तर आमच्या सोसायटीचं पार्किंग दुपारी बघायला या. ह.घ्या.

कुलुपकिल्ली
हलकंच घेतलं. पण दर पन्नास पावलांवर कुणीतरी मारायला बसलेलं असेल तर मान वर करून बघणार कधी? तुमच्या त्या लिफ्टमध्येही खाली जाताना कुणी मारत नाही, म्हणूनच ती तुमच्या लक्षात राहिली.

भरती_ओहोटी
भांडू नका हो. लॅपटॉप आहे. विंडोज. कन्सोल नाही.

ताकभात
'लॅपटॉप आहे' म्हणजे 'गाडी आहे' म्हटल्यासारखं झालं. रॅम, ग्राफिक्स कार्ड, मोकळी जागा?

पाचवा_गिअर
लॅपटॉपवर खेळताना खाली हवा खेळती राहील असं बघा. मागची बाजू थोडी उचलून ठेवा, पंखे वर्षातून एकदा साफ करून घ्या, प्रोसेसरचा टर्बो बूस्ट बंद करून बघा. माझं तापमान यानेच बरंच उतरलं.

भरती_ओहोटी
@पाचवा_गिअर तापमानाचं मी विचारलंच नव्हतं, पण धन्यवाद.
@ताकभात ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०, एसएसडीवर ४० जीबी मोकळी. बाकीच्या जागेत ऑफिसचं सामान आहे, ते हलवता येणार नाही.

ताकभात
हे आधी सांगितलं असतं तर अर्धे प्रतिसाद वाचले असते. एल्डन रिंगला किमान १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते. बाद. गॉड ऑफ वॉर ७० जीबी, रेड डेड २ तर १५० जीबी. बाद. कोलोसस पीसीवर आलेलाच नाही. २०१८ चा रीमेकही फक्त प्लेस्टेशन ४ वर. तोही बाद.

कुलुपकिल्ली
एम्युलेटर (पीसीवर कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) जिंदाबाद.

ताकभात
त्याला स्वतःच्या प्लेस्टेशन २ मधून काढलेला बायोस (मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) आणि स्वतःची डिस्क लागते. ती त्यांच्याकडे नाही. बाकीचे मार्ग या धाग्यावर नकोत.

सह्यभटक्या
एवढा खटाटोप कशाला? पावसाळा सरताना हरिश्चंद्रगडावर जा, कोकणकड्याच्या टोकाशी पालथे पडा आणि खाली बघा. नशीब असेल तर ढगात इंद्रवज्र (गोल इंद्रधनुष्य) दिसेल. रॅम लागत नाही.

भरती_ओहोटी
काका, पाय प्लास्टरमध्ये आहे. म्हणून तर गेम शोधतोय.

सह्यभटक्या
अरेरे. काळजी घ्या. प्लास्टर निघालं की खिरेश्वरच्या वाटेने या, नळीच्या वाटेने नको.

निळी_शाई
तुमच्या मशीनवर आउटर वाइल्ड्स (२०१९) आरामात चालेल. छोटी सूर्यमाला, एक लाकडी डबड्यासारखं यान, आणि २२ मिनिटांचं चक्र. यापुढे एक अक्षर सांगणार नाही. एका वादळी ग्रहाच्या ढगांतून पहिल्यांदा खाली उतराल, तेव्हा मला आठवा. नाहीतर सबनॉटिका. समुद्राचा तळ संपतो आणि पुढे नुसता काळोख सुरू होतो, तिथे मी चक्क यान वळवून घरी आले होते.

भरती_ओहोटी
हे दोन्ही फर्स्ट पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे) आहेत का? मला त्याने चक्कर येते, अर्ध्या तासात उलटीपर्यंत मजल जाते.

ताकभात
हेही आत्ता सांगताय. 🙏

निळी_शाई
फील्ड ऑफ व्ह्यू (दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) वाढवा, मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर होणं) आणि डोक्याचं हलणं बंद करा, खोलीत दिवा लावून ठेवा. बऱ्याच जणांना फरक पडतो. पण आउटर वाइल्ड्समध्ये गुरुत्वाकर्षणच सतत उलटंपालटं होतं, तेव्हा जाऊ दे.
मग जर्नी घ्या (२०१२, पीसीवर नंतर आला). पाठमोरी आकृती, वाळवंट, लांब एक डोंगर, त्याच्या माथ्यावर उजेड. मधेच दुसरा कुणी अनोळखी खेळाडू येऊन सोबत चालू लागतो. बोलता येत नाही, नुसता एक सूर काढता येतो. जागाही फार खात नाही. ऑस्टिन विंटोरीच्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन होतं, गेमच्या संगीताला त्या विभागात पहिल्यांदाच. इयरफोन लावाच.

रात्रपाळी
दोन तासांत संपतो. दोन तासांचे पैसे देऊ?

निळी_शाई
तीन तासांच्या सिनेमाला पॉपकॉर्नसकट किती देता?

पुणेरी_पगडी
कुणीच कसं राजीचं नाव घेतलं नाही? 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक', २०२०, आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला. राजस्थानी किल्ले, छायाबाहुल्यांमधून सांगितलेली गोष्ट, आणि निवेदन करणारे दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलतात. कॅमेरा वरून आहे, चक्करबिक्कर नाही.

रात्रपाळी
राजी बघायला सुंदर आहे, मान्य. हिरण्यनगरीत मीही थांबलो होतो. पण मारामाऱ्या लवकर तोच तोच पणा आणतात आणि शेवट घाईत उरकलाय. पुण्याचा आहे म्हणून किती गुण वाढवून देणार?

पुणेरी_पगडी
पुण्याचा आहे म्हणून दोन कमीच दिलेत. आम्ही आमच्यांना तसेच देतो.

सायबर_कॅफे_१९९९
आमच्या वेळी भव्य म्हणजे एज ऑफ एम्पायर्समध्ये दोनशे हत्ती एकदम सोडणं. कॅफेवाला ओरडायचा, मशीन हँग होतंय म्हणून. काय दिवस होते.
मूळ प्रश्नाला उत्तर: होमवर्ल्ड. १९९९ चा, रीमास्टर्ड आवृत्ती २०१५ ची. अवकाशातलं युद्ध, पण कॅमेरा तुमच्या ताब्यात, जोरात हलत नाही. एका अवाढव्य मातृयानाभोवती सगळा गेम. एका मोहिमेत जगलेलं जहाज पुढच्या मोहिमेत सोबत येतं, त्यामुळे मेलेलं जहाज खरंच मेलेलं वाटतं. तिसऱ्या मोहिमेत परत आल्यावर संगीतकार बार्बरचा अडाजिओ कोरसमध्ये सुरू होतो आणि खाली आपला ग्रह

निळी_शाई
थांबा!! स्पॉयलर!

सायबर_कॅफे_१९९९
पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम आहे हो. बरं, थांबलो.

भरती_ओहोटी
जर्नी आणि होमवर्ल्ड दोन्ही घेतले, आता उतरवून होतायत. आवडला नाही तर पैसे परत मिळतात ना?

ताकभात
स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) घेतले असतील तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर. जर्नी तेवढ्यात जवळजवळ संपतोच, पण तसलं काही करू नका.

भरती_ओहोटी
जर्नी झाला. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. होमवर्ल्डमध्ये मात्र अडकलोय. जहाजं वर-खाली कशी न्यायची? सगळी एकाच पातळीवर सरकतायत आणि मार खातायत.

सायबर_कॅफे_१९९९
'एम' दाबा, जागा दाखवा, मग शिफ्ट धरून माउस वर ओढा. उंची मिळते. स्पेस दाबलात की सेन्सर्सचा नकाशा उघडतो, लांबचे हुकूम तिथूनच द्या. 'एफ'ने कॅमेरा निवडलेल्या जहाजावर जातो. आणि साल्व्हेज कॉर्व्हेट (ओढून आणणारी छोटी जहाजं) बनवता आली की भरपूर बनवा. शत्रूची मोठी जहाजं मारत बसू नका, ओढून घरी आणा.