मोंबासा ते केपटाऊन मोटारसायकलने: आधी कशाच्या मागे लागावे?

प्रश्न (खानापूर)
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासह आफ्रिका मोटारसायकलने पार करण्याचे मी नक्की केले आहे. कैरोहून निघण्याचा बेत होता, परंतु एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटल्यापासून तो रस्ता भरवशाचा राहिलेला नाही, म्हणून आता केनियातील मोंबासा बंदरापासून सुरुवात करणार आहोत. बेळगाव पासिंगच्या स्वतःच्याच गाड्या न्यायच्या आहेत. हंगाम कोणता धरावा आणि कोणते कागद आधी करावेत?

उत्तर (निपाणी)
सर्वांत आधी कार्नेटचे पाहा. परदेशात तात्पुरती नेलेली गाडी तेथे विकली जाणार नाही याची हमी म्हणजे हा दस्तऐवज. त्यासाठी गाडीच्या किमतीनुसार तारण ठेवावे लागते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. प्रत्येक देशात शिरताना आणि बाहेर पडताना कस्टम्सचा शिक्का घ्यायचा असतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी तेथेच राहिली असे धरून आयात शुल्क मागितले जाऊ शकते. त्यामुळे नाक्यावर कितीही ऊन, कितीही रांग असली तरी शिक्का, तारीख आणि चेसिस क्रमांक तेथेच उभे राहून ताडून पाहावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. विम्यासाठी कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघाचे यलो कार्ड घ्या. ते केनिया, टांझानिया, झांबिया या तिन्ही देशांत चालते.

उत्तर (बेळगाव)
पूर्व आफ्रिकेतील मोठा पाऊस मार्च ते मे असतो, म्हणून जूनमध्ये निघावे. मात्र दक्षिणेत तेव्हा हिवाळा असतो आणि बोत्सवानात पहाटे हाडे गोठतात. टांझानियात मिकुमी अभयारण्यातून थेट महामार्ग जातो, तर बोत्सवानात कासाने ते नाटा या पट्ट्यात हत्ती रस्त्यावर येतात. अंधार पडल्यावर तेथे गाडी चालवूच नये. नामिबियातील एटोशा उद्यानात मोटारसायकलला प्रवेश नाही, हेही आखणीत धरा. पूर्व आफ्रिकेत बजाज बॉक्सर उदंड असल्याने पंक्चर आणि चेनचे काम कोठेही होते, परंतु मोठ्या गाडीची क्लच केबल, ब्रेक पॅड आणि ट्यूब येथूनच न्यावेत. सामान लादून चोर्ला घाटात एकदा गाड्या चालवून पाहा. मागचा भार जास्त झाल्यास वळणावर लगेच कळते.

प्रश्नकर्ता (खानापूर)
दोघांचेही मनापासून आभार. पीतज्वराची लस कधी घ्यावी?

उत्तर (निपाणी)
निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि पुढे आयुष्यभर चालते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तेव्हा तारीख आधीच ठरवून घ्या.