नियम चेहऱ्याचा करा, डोक्याचा नको

दुकानात शिरताना हूड, म्हणजे जॅकेटची टोपी, उतरवायला सांगितली की काही जण विचारतात, ‘हूड काढायला लावता, मग हिजाब-पगडीला सूट का?’ ब्रिटनपुरतं उत्तर २०१० च्या समानता कायद्यात आहे. हूड ही फॅशन, तिला संरक्षण नाही, धर्माला आहे. सगळ्यांना एकच नियम लावला, पण त्याचा फटका एका धर्माच्या लोकांना जास्त बसला, तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. मग नियम गरजेपुरताच होता, हे दुकानदारालाच सिद्ध करावं लागतं. ‘डोक्यावर काहीही नको’ हा नियम तिथे टिकणं अवघड, कारण पगडी आणि हिजाबमध्ये चेहरा उघडाच असतो. २००५ साली केंटमधल्या ब्लूवॉटर मॉलने हूड आणि बेसबॉल कॅपवर बंदी आणली, तेव्हाही मुद्दा चेहरा झाकण्याचाच होता.

चेहरा टिपला जात नसेल तर खरी चूक बहुतेकदा कॅमेऱ्यात असते. छतावरच्या कॅमेऱ्याला हूडचा फक्त माथा दिसतो. दाराशी एक कॅमेरा डोळ्यांच्या उंचीच्या जवळ लावा. अनोळखी माणूस ओळखता यायला चित्रात दिसणाऱ्या रुंदीच्या दर मीटरमागे २५० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेलच्या कॅमेऱ्याने तीन मीटर रुंदी घेतली तर ६४० मिळतात. काचेच्या दारातून मागून ऊन येत असेल तर डब्ल्यूडीआर, म्हणजे प्रखर उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारी कॅमेऱ्याची सोय, हवंच, नाहीतर चेहरा काळा पडतो.

राहिला निकाब, म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारा पडदा. वयाचा पुरावा तपासायचा असेल तेव्हाच, आडोशाला, महिला कर्मचाऱ्याने विनंती करावी. दारात अडवू नये.