एकाच नाण्यावर १८ आणि १६? नक्की वर्ष कोणतं?

जुनंपानं:
इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं कांस्य द्राख्मा नाणं घेतलंय, रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या काळातलं. व्यास ३३ मिमी, हातात चांगलं जड लागतं. मागच्या बाजूला एक दाढीवाला लवंडलाय. एका हातात लव्हाळ्याची काडी, दुसऱ्यात फळांनी भरलेलं शिंग, खाली मगर. पण ग्रीक आकडे दोन आहेत, खाली १८ आणि वर १६. नकली तर नाही ना?

भिंगवाला:
आकड्यांवरून नकली ठरत नाही. कडेवर ओतकामाची शिवण दिसते का बघा आणि वजन करून इथे टाका.

कृष्णाकाठ:
१८ च्या आधी इंग्रजी एलसारखी खूण असेल. ती 'वर्ष' या अर्थाची जुनी इजिप्शियन खूण. म्हणजे कारकिर्दीचं १८ वं वर्ष, इ.स. १५४-५५.

वरचे १६ मात्र हात आहेत, पाण्याचे! कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा आपला हात, तेच माप. लवंडलेला दाढीवाला म्हणजे खुद्द नाईल. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय: पूर १२ हात चढला तर दुष्काळ, १३ ला अजून उपासमारच, १४ ला आनंद, १५ ला निर्धास्ती, १६ ला चैन. सीझर आणि पॉम्पी यांच्या फार्सालसच्या लढाईच्या वेळी पाणी अवघं ५ हात चढलं होतं म्हणे.

मी सांगलीचा. पावसाळ्यात डोळे उघडले की पहिला प्रश्न, आयर्विन पुलापाशी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका. आमच्या पोटात आकडा चढला की गोळा येतो. तिथे तो १६ व्हावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसत असणार. हे नाणं मला फार जवळचं वाटतं ते म्हणूनच.

जुनंपानं:
मग त्या वर्षी पाणी खरंच १६ हात आलं होतं?

कृष्णाकाठ:
तसं धरू नका. हाच आकडा वेगवेगळ्या वर्षांच्या नाण्यांवर येतो. ती नोंद नाही, मागणं आहे. रोममधल्या नाईलच्या एका पुतळ्याभोवती १६ मुलं खेळताना दाखवली होती, हाताला एक मूल, हेही प्लिनीच सांगतो. तुमच्या नाण्यावर शिंगाचं तोंड भिंगाखाली धरा. काही छापांत तिथून एक मूल बाहेर डोकावतं.

जुनंपानं:
आत्ताच बघितलं. ज्याला मी डाळिंब समजत होतो ते डोकं आहे. चेहरा झिजलाय, पण नाईलच्या डोक्याकडे उचललेला इवलासा हात स्वच्छ दिसतोय. वजन उद्या टाकतो.