मदत हवी आहे: गिझरचा १६ अँपिअरचा स्विच सोलर पॅनलच्या लाईनवर चालेल का?

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमचं बेदाण्याचं शेड आहे. पंखे आणि लाईटसाठी ३३० वॅटची चार पॅनल सिरीजमध्ये जोडून चार्जरपर्यंत आणतोय. लेबलवर एका पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज ४६ आहे, म्हणजे चारांचे १८४ व्होल्ट. शॉर्ट सर्किट करंट ९.३ अँपिअर. चार्जरचं काही काम निघालं तर लाईन तोडायला मध्ये स्विच हवाय. वायरमन म्हणतात, "गिझरचा टाका की, १६ अँपिअर २४० व्होल्टचा आहे." हिशोब पटतो, पण हंगामात शेडमध्ये बॉक्स, कागद भरलेले असतात, बायका माल निवडायला बसतात. धाडस होत नाही. हे आकडे नक्की काय सांगतात?

प्रतिसाद:
दादा, तो टाकू नका. स्विच उलटा करून बघा, २४० च्या पुढं छोटी नागमोडी रेघ असेल. ती एसीची खूण, म्हणजे घरातल्या, दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या विजेची. दोन्ही आकडे एसीपुरतेच खरे. पॅनलची वीज मात्र डीसी, एकाच दिशेनं वाहणारी.

स्विच बंद करताना पॉइंट सुटतात तेव्हा ठिणगी पडते. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथं ती विझते. डीसीत करंट असा शून्यावर येतच नाही. १८० व्होल्टला त्या बारीकशा फटीत ठिणगी जळत राहते, पॉइंट वितळून चिकटू शकतात, प्लास्टिक पेटू शकतं. चिकटले तर वरून स्विच बंद दिसतो आणि लाईन चालूच. १६ चा एमसीबीही (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वाचवणार नाही, कारण पॅनल शॉर्ट झाली तरी जेमतेम ९.३ अँपिअरच देतात. तो पडणार कशाला?

धागाकर्ता:
बरं झालं विचारलं. मग काय घेऊ?

प्रतिसाद:
डबल पोल डीसी आयसोलेटर घ्या, म्हणजे प्लस-मायनस दोन्ही वायरी एकदम तोडणारा डीसीचा स्विच. त्यावर डीसीचे व्होल्ट वेगळे छापलेले असतात. लेबलवरचे ४६ व्होल्ट २५ अंश तापमानाचे आहेत. थंडीत ते वाढतात, अंशाला साधारण ०.३ टक्के. डिसेंबरात पहाटे १० अंश असतील तर १८४ चे १९२ होतात. म्हणून ५०० व्होल्ट डीसीचा निवांत चालेल. काहींवर प्लस-मायनसची खूण असते, ती पाळाच. गिझरचा स्विच इन्व्हर्टरच्या पुढच्या एसी बाजूला वापरा. आणि पॅनलचे कनेक्टर ऊन असताना चालू लाईनवर ओढू नका. आधी आयसोलेटर पाडायचा, मगच हात लावायचा. वायरमनलाही हे सांगून ठेवा.