मदत हवी आहे: व्हॅक्यूम पॅकमधलं जांभळट बीफ गिऱ्हाईक घेईना

मडगावात छोटं कोल्ड स्टोरेज चालवतो. बीफ व्हॅक्यूम पॅकमध्ये येतं. पाकिटात ते जांभळट दिसतं, फोडून ट्रेवर मांडलं की अर्ध्या तासात लालभडक. हवेतला ऑक्सिजन मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला मिळाला की असं होतं हे मला ठाऊक आहे, पण गिऱ्हाईकाला कोण सांगणार? परवा एका मावशींनी पाकीट उलटंपालटं केलं आणि "शिळं दिसतंय रे" म्हणत परत ठेवलं. सकाळीच आलेला माल!

ट्रेवरचं मांस मात्र दुसऱ्याच दिवशी कडांना तपकिरी पडायचं. वास नाही, बुळबुळीतपणा नाही, तरी भाव पाडूनच काढावं लागे. फ्रीज 2 अंशांवर आणला, दिवे एलईडी केले, तुकडे एकावर एक रचणं बंद केलं. त्यानं एक दिवस वाढला, बस्स. पाटीही लावलीय, ती कुणी वाचत नाही.

रंग, पावडर वगैरे काही लावणार नाही. गॅस भरून पॅक करायचं मशीन परवडत नाही. खप रोज 15 किलोच्या आसपास.

ट्रेवर हवा आत जाऊ देणारी फिल्म लावून लाली तिसऱ्या दिवसापर्यंत टिकते का? की पाकीट गिऱ्हाईकासमोरच फोडून कापून देणं बरं? कुणी करून पाहिलंय का?